दंतधावनाचे दोन काळ

आमच्या धारवाडच्या घरी परसात एक दगडी डोण होती. रोज सकाळी तिच्याभोवती आम्हा सात-आठ चुलत भावंडांची रांग बसे. आजी सर्वांच्या आधी उठलेली असे. तिच्या एका हातात राखुंडीची वाटी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. प्रत्येकाच्या डाव्या तळहातावर चिमूटभर राखुंडी पडे आणि मग आजी स्वतःही आमच्यासमोर उकिडवी बसून दात घासू लागे. ‘घासा रे’ असे ती क्वचितच म्हणे. तिचे बोट फिरू लागले की आमची बोटे फिरत, तिने चूळ भरली की आम्ही भरत असू. तोंड धुतल्याशिवाय कोणालाही दुधाचा पेला मिळत नसे. ही १९६०च्या दशकातील गोष्ट. या पत्रिकेच्या साठी ओलांडलेल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच दृश्य असणार.

हे सारे आठवण्याचे कारण थोडे खेदाचे आहे. गेल्या वर्षी आमच्या आठ वर्षांच्या नातवाची दाढ दुखू लागली. दुधाची दाढ आहे, आज ना उद्या पडणारच, असे म्हणून आम्ही सर्वांनीच महिनाभर दुर्लक्ष केले. दंतवैद्यांनी पाहून सांगितले, ही दाढ दुधाची नव्हे, कायमची आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे ही पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी आधी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. आयुष्यभर पुरावयाची दाढ दोन वर्षांत किडली होती. नातवाला रोज सकाळी ब्रश हातात मिळत होता, त्याच्यासाठी चित्रांची पेस्टही आणली होती. रात्री मात्र तो दात घासत नसे. घरात कोणीच घासत नव्हते.

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे एखादी गोष्ट बिघडली की तिची जुनी फाईल काढून पाहण्याची आम्हांस सवय आहे. मुले दात घासावयास का लागतात आणि का सोडतात, याची फाईल काढावयास बसलो तेव्हा ती थेट चरकापर्यंत मागे गेली.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दंतधावनाचा विधी दिला आहे. काडीचे टोक चेचून मऊ करावे, काडी तुरट, तिखट किंवा कडू रसाची असावी, ती दिवसातून दोन वेळा वापरावी आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे चार मुद्दे तेथे थोडक्यात आले आहेत. सुश्रुताने काडीचे मापही दिले आहे. ती बारा अंगुळे लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड, सरळ आणि बिनगाठीची हवी. कडू काड्यांत निंब, तुरटांत खैर, तिखटांत करंज आणि गोडांत मोह श्रेष्ठ, अशी त्याची निवड. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत सकाळी आणि जेवणानंतर असे दोन काळ सांगितले आहेत. आजचे दंतवैद्य जे सांगतात त्यातला निम्मा भाग, म्हणजे मऊ टोक, हिरड्या सांभाळणे आणि दोन वेळा घासणे, आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वीच लिहून झाला होता.

असे असता आमच्या आजीच्या डोणीवर दुसरा काळ कोठे गेला? आम्ही पुष्कळ आठवून पाहिले. रात्री दात घासल्याचे आम्हांस एकदाही स्मरत नाही.

आमच्या मते याचे उत्तर धर्मशास्त्राच्या बाजूला आहे. वैद्यकाने दंतधावनाकडे आरोग्य म्हणून पाहिले, आचाराने त्याकडे शुद्धी म्हणून पाहिले. स्नान आणि संध्या यांच्या आधीची ती पायरी झाली. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या अशा तिथींना काडी वर्ज्य आणि त्याऐवजी बारा चुळा भराव्यात, इतका बारीक विचार स्मृतिकारांनी केला. परिणाम असा झाला की सकाळचे दात घासणे स्नानाला, पूजेला, चहा-दुधाला बांधले गेले आणि पक्के रुजले. मराठीत ‘तोंड धुणे’ म्हटले की ते सकाळचेच, हेही याच आचाराचे फळ. रात्रीला मात्र असा कोणताच खुंटा नव्हता. दिवेलागणीला शुभंकरोति होती, पाढे-परवचा होती. त्यानंतर जेवण, गोष्ट आणि अंथरूण. ग्रंथातला दुसरा काळ ग्रंथातच राहिला.

आता साधनांचे पाहू. धारवाड हे मलनाड आणि मैदान यांच्या उंबरठ्यावरचे गाव. पश्चिमेस पाऊस आणि रान, पूर्वेस नवलगुंदकडे काळी माती आणि बाभळी. त्यामुळे कडुनिंबाची काडी आणि बाभळीची काडी दोन्ही सहज मिळत. पण मुलांच्या नाजूक हिरड्यांना काडी टोचते म्हणून घरोघर त्यांच्यासाठी राखुंडी असे. गोवरीची राख वस्त्रगाळ करावयाची, तीत थोडे मीठ घालावयाचे, कोणी लाकडाचा कोळसा कुटून मिसळी. दात स्वच्छ होत, पण राख आणि कोळसा यांच्या घर्षणाने वरचे कवच झिजे, हेही खरे. आजी-पणजीच्या पिढीतील कित्येक स्त्रियांना मशेरीची सवय होती. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही भुकटी दातांना लावता लावता व्यसन होई आणि घरातल्या मुलीही आईचे पाहून तीच बोटावर घेत. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यावरच्या मशेरीपर्यंत कोणता कायदा पोहोचणार? येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चांगली सवय आणि वाईट सवय, दोन्ही मुलांकडे एकाच वाटेने गेल्या. मोठ्यांच्या शेजारी बसून, त्यांचे पाहून.

आपली मराठी घराणी या भागात निरनिराळ्या निमित्तांनी आली. कोणी पेशवाईत, कोणी पुढे मुंबई इलाख्याच्या कचेऱ्यांत व शाळांत, कोणी धारवाडला मुख्यालय असलेल्या सदर्न मराठा रेल्वेच्या नोकरीत. १९५६ साली राज्य बदलले, तरी घरातल्या फडताळात दोन्हीकडचा माल सुखाने नांदत राहिला. दंतमंजनाचेही तसेच. बाजारातून येई ती ‘नंजनगूडु हल्लुपुडी’. म्हैसूरजवळच्या नंजनगूड येथे बी. व्ही. पंडित यांनी १९१३ साली सद्वैद्यशाळा स्थापिली, तिचे हे दंतमंजन कर्नाटकात घरोघर पोहोचले होते. मुंबईचे नातेवाईक येत ते विको वज्रदंती घेऊन. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत विकोची सुरुवात केली आणि प्रारंभी दारोदार फिरून दंतमंजन विकले, हे मराठी उद्योजकांच्या इतिहासात नोंदलेले आहे. १९३७ साली भारतात कंपनी स्थापन केलेल्या कोलगेटचा पांढऱ्या पावडरचा डबाही आमच्या काकांच्या खोलीत असे. आम्हा मुलांना तो गोड लागे म्हणून हवा असे. कडू-तुरट मंजनापेक्षा गोड मंजन मुलांना ओढून घेते, हे कंपन्यांनी आपल्या आधी ओळखले.

टूथब्रश मात्र घरात उशिरा आला. त्याची कारणे केवळ पैशाची नव्हती. इंग्लंडात विल्यम ॲडिस याने १७८०च्या सुमारास ब्रश मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून दीडशे वर्षे ब्रशचे केस जनावराचे, बहुधा डुकराचे असत. ही गोष्ट कानावर आल्यावर सोवळ्याओवळ्याच्या घरात ब्रश कसा शिरावा? १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा पहिला ब्रश बाजारात आला आणि ही अडचण मुळातच संपली. पण ती संपल्याची वार्ता आमच्या आजोबांपर्यंत पोहोचावयास आणखी तीस वर्षे लागली. १९७०च्या सुमारास वडिलांनी सर्वांसाठी ब्रश आणले, तेव्हा आजोबांनी नायलॉन म्हणजे काय हे दोनदा विचारून घेतले आणि तरीही स्वतः काडीच वापरली.

ब्रशाने दात अधिक चांगले निघू लागले यात शंका नाही. बोट जेथे पोहोचत नाही तेथे ब्रश पोहोचतो. परंतु ब्रश प्रत्येकाचा वेगळा. पुढे घर बदलले, परस गेले, न्हाणीघराला कडी आली. प्रत्येकजण आपापल्या वेळी आत जाऊन बाहेर येऊ लागला. आत मूल दात घासते की नळ सोडून उभे राहते, हे कोणी पाहिनासे झाले. साधन सुधारले आणि सोबत गेली, असा हा व्यवहार झाला. त्या वेळी त्यात काही गमावल्याचे कोणालाच वाटले नाही, आम्हांसही नाही.

सोबतीचा प्रश्न निघाला म्हणून एक प्रसंग सांगतो. काकासाहेब कालेलकर बेळगावच्या गणेश विद्यालयात काही काळ काम केलेले, म्हणून आपल्या भागाला जवळचे. १९३० साली ते येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसोबत होते. गांधीजींसाठी निंबाची काडी आणून तिचे टोक चेचून देण्याचे काम ते करीत. एकदा वापरून झालेल्या काडीचे टोक तेवढे कापून, उरलेली काडी दुसऱ्या दिवशी पुन्हा चेचून घ्यावयास गांधीजींनी त्यांना सांगितले. येथे निंबाला तोटा नाही, असे काकासाहेबांचे म्हणणे, तर काडी वाळेपर्यंत ती टाकण्याचा आपणास अधिकार नाही, असे गांधीजींचे. ही आठवण काकासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. काकासाहेबांचे वय तेव्हा चव्वेचाळीसच्या पुढे होते. त्या वयातही माणूस दात घासण्याबद्दल काही नवे शिकतो, आणि तेही सकाळी शेजारी असलेल्या वडीलधाऱ्याकडून, एवढेच आम्हांस यातून दाखवावयाचे आहे.

दुसरी वाट भीतीची. मुलांना भीती घालणे ही आपली जुनी रीत. दाताला कीड लागेल, हे वाक्य ऐकले नाही असे मराठी मूल नसेल. कन्नडमध्येही किडलेल्या दाताला ‘हुळुकु हल्लु’ म्हणतात आणि ‘हुळ’ म्हणजे किडाच. इतकेच काय, जपानी भाषेत अशा दाताला ‘मुशिबा’, म्हणजे किड्याचा दात, म्हणतात. तीन दूरदूरच्या भाषांनी एकच कल्पना केली. खेड्यांतून भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे काढून दाखविणारेही असत. वास्तविक तेथे किडा नसतोच. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते, हे विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने बर्लिनमध्ये संशोधन करून १८९० साली ग्रंथरूपाने मांडले. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्रीचे गोड सकाळपर्यंत आपले काम करीत राहते. म्हणूनच दुसरा काळ पहिल्याहून महत्त्वाचा. आमच्या लहानपणी गोड सणावारी मिळे. लाइन बाजारातल्या पेढ्याची पुडी घरी येई ती परीक्षेच्या निकालाला. आज बिस्किटे, चॉकलेटे रोजच्या डब्यात आहेत आणि दात घासणे मात्र आहे तेवढेच, एक वेळचे.

तिसरी वाट लाजेची, आणि तिच्याबद्दल आम्हांस स्वतःचाच दोष कबूल करावयाचा आहे. गदग जिल्हा १९९७ साली वेगळा झाला, त्यापूर्वी तो भाग धारवाड जिल्ह्यातच होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंडरगीच्या बाजूच्या एका खेड्यात आम्ही कामानिमित्त गेलो होतो. शाळेत मुलांपुढे चार शब्द बोलावे, असा आग्रह झाला. पुढच्या रांगेत एक मुलगा बसला होता. त्याच्या समोरच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. त्याला उभे करून आम्ही सर्वांसमक्ष विचारले, ‘का रे, दात घासत नाहीस?’ मुले हसली. तो काही बोलला नाही. हाताने तोंड झाकून खाली बसला. बाहेर आल्यावर गुरुजींनी हळूच सांगितले, ‘साहेब, या गावात सगळ्याच पोरांचे दात असे आहेत. बोअरचे पाणी आहे.’

पाण्यात फ्लोराइड अधिक असले की दात घडत असतानाच त्यांवर असे डाग उमटतात आणि कितीही घासले तरी ते जात नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम, आणि दुसरे पाणी नसेल तर जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅम, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. मुंडरगी परिसरातील विंधनविहिरींत ती ओलांडली जाते, हे पुढे आम्ही कागदोपत्रीही वाचले. तो मुलगा कदाचित आमच्याहून नियमाने दात घासत असेल. त्याला न्याय देण्याची संधी आम्हांस पुन्हा मिळाली नाही. दात पाहून मुलाची परीक्षा करू नये आणि चारचौघांत तर कधीच नाही, हे तेव्हापासून आम्ही पाळत आलो आहो. हेच फ्लोराइड पेस्टमध्ये अल्प प्रमाणात असले तर कीड रोखते, म्हणूनच तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी आणि ती थुंकावयास शिकवावे, असे वैद्य सांगतात.

भीती आणि लाज सोडून राष्ट्राने हे काम कसे करावे, याचे उदाहरण जपानने घातले आहे. जपानीत सहाला ‘मु’ आणि चारला ‘शि’ असाही उच्चार आहे. तो धागा पकडून १९२८ पासून त्यांनी सहाव्या महिन्याची चार तारीख मुशिबा रोखण्याचा दिवस म्हणून पाळावयास घेतली. १९८९ साली तेथे वयाच्या ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात शिल्लक राहावेत, अशी मोहीम सुरू झाली. आपल्या कर्नाटक सरकारने २०१४च्या सुमारास ‘दंतभाग्य’ योजनेखाली गरीब वृद्धांना मोफत कवळी देण्यास प्रारंभ केला. योजना भली आहे, पण ती दात गेल्यानंतरची आहे. दात असतानाची योजना घरातच चालवावी लागेल. आपल्या गावाला त्यासाठी सल्ल्याचीही वाण नाही. सत्तूरचे एसडीएम दंत महाविद्यालय १९८६ पासून आहे. आमच्या आजीच्या काळी असे काही असते, तर तिच्या तोंडात शेवटी दोनच दात उरले नसते. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ती हसत स्वतःलाच लावून घेई.

फाईल वाचून झाल्यावर आम्ही घरात एक लहानसा आदेश काढला, आणि तो प्रथम स्वतःला लागू केला. रात्री साडेनऊला आम्ही आमचा ब्रश घेऊन न्हाणीघरात उभे राहतो. दार उघडे असते. आमच्या खालच्या जबड्यात तीन दातांची कवळी आहे. ती काढून घासणे हा नातवाच्या दृष्टीने रोजचा तमाशा आहे. पहिल्या आठवड्यात तो केवळ तो पाहावयास येई. दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारले, ‘आजोबा, तुमचे दात गेले कुठे?’ आम्ही खरे ते सांगितले. ‘रात्री घासायला कुणी शिकवलं नाही, म्हणून गेले.’ तो थोडा वेळ कवळीकडे पाहत राहिला आणि मग ब्रश घेऊन आला.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात सर्व दाढांमागे पोहोचत नाही, म्हणून त्याचे घासून झाल्यावर शेवटची अर्धी मिनिट आम्ही ब्रश हाती घेतो. मागच्या दाढांवरून फिरवून देतो. त्यानंतर पाण्याखेरीज काही खावयाचे-प्यावयाचे नाही. त्यानंतर गोष्ट, आणि गोष्ट दात घासल्याशिवाय नाही. आजीने दुधाच्या पेल्याला दात घासणे बांधले होते, आम्ही ते गोष्टीला बांधले आहे. रात्रीला जो खुंटा नव्हता तो असा मिळाला. सूनबाई आणि चिरंजीवही आता नऊ-साडेनऊला येऊन उभे राहतात. कधी कधी बेसिनपाशी दाटी होते.

नातवाच्या दाढेत वैद्यांनी सिमेंट भरले आहे. सहा महिन्यांनी पुन्हा दाखविले तेव्हा नवी कीड कोठेही आढळली नाही. आमच्या वयाच्या वाचकांना एवढेच विनवावयाचे आहे की घरात सहा वर्षांचे नातवंड असेल, तर आज रात्री त्याला आ करावयास सांगून सर्वांत मागची दाढ पाहा. ती आली असेल. ती दुधाची नाही.